कोऱ्या कागदासमोरचा अभ्यास

गणित आले नाही तर ते घरी बसल्याबसल्याच कळते. उदाहरण अडते, उत्तर जुळत नाही आणि विद्यार्थी निमूटपणे शिक्षकांकडे जातो. रसायनशास्त्राचे तसे नाही. हा विषय वाचताना समजतो, शिकवताना समजतो, फळ्यावरची अभिक्रिया वहीत उतरवून घेताना तर फारच समजतो आणि परीक्षेच्या दालनात कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर आल्यावर तो मुळात समजलाच नव्हता, हे ध्यानात येते. बारावी विज्ञानाच्या असंख्य विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे झालेली ही फसगत आहे. तिचा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीकडे जात नाही. अभ्यास म्हणजे काय, याविषयी आपल्या घराघरांत जी समजूत रूढ झाली आहे, तिच्याकडे तो जातो.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ हे गाव आहे. सोयाबीन बाजारात गेलेले, तूर काढणीला आलेली, हरभरा शेतात उभा, अशा जानेवारीच्या दिवसांत या परिसराला दोन उत्सवांचे वेध लागतात. सिंदखेडराजा येथे जिजाऊ जयंतीला आणि हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पंचक्रोशीतील माणसे लोटतात. नेमके हेच दिवस बारावीच्या सराव परीक्षांचेही असतात. मंडळाची परीक्षा आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अलीकडे आली आहे. २०२५मध्ये ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. अशा वेळी जानेफळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरात डोकावले तर काय दिसते? मुलगा पुस्तक उघडून बसलेला असतो. पानांवर पिवळ्या रंगाच्या रेघा ओढलेल्या असतात. आई दाराशी येऊन समाधानाने परत जाते, कारण मुलगा 'वाचतो आहे'. या वाचण्यावर घरातील सर्वांचा विश्वास असतो आणि तो अस्थानी असतो.

मानसशास्त्राने या समजुतीची प्रत्यक्ष परीक्षा घेतली आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. इतरांनी तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के मजकूर आठवत होता, लिहून पाहणाऱ्यांना ७५ टक्के. मात्र आठवड्यानंतर चित्र उलटे झाले. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने ज्ञान वाढत नाही, ओळख वाढते. पान ओळखीचे वाटते, मन त्या ओळखीलाच आकलन समजते आणि परीक्षेत पान समोर नसते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. वेदपाठशाळेत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठांचे प्रकार निर्माण झाले, ते शब्द सरळ, उलट, जोडीने, पुन्हा उलट अशा क्रमाने म्हणताना कोठे चूक झाली तर ती तत्काळ उघडी पडावी म्हणून. पोथी मिटून म्हणणे आणि गुरूने ऐकून चूक दाखवणे, हा त्या पद्धतीचा गाभा होता. मात्र त्याच परंपरेत यास्कांनी निरुक्तात, अर्थ न जाणता केवळ पाठ करणाऱ्याची संभावना ओझे वाहणाऱ्या खांबाशी केली आहे, हेही विसरता कामा नये. घोकंपट्टीचे समर्थन करायला परंपरेचा आधार घेणारे बहुधा पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात.

पाठ्यपुस्तकाच्या मागची पाने

बारावी रसायनशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. (प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांविषयी येथे न बोललेलेच बरे. ते ज्या उदारपणे वाटले जातात, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) लेखी परीक्षेच्या ७० गुणांची मांडणी अशी : १० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न, ८ गुणांचे एका वाक्यातील प्रश्न, मग दोन गुणांच्या बारा प्रश्नांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ आणि चार गुणांच्या पाचांपैकी तीन. म्हणजे विद्यार्थ्यापुढे प्रत्यक्षात ९८ गुणांचे प्रश्न ठेवलेले असतात आणि त्याने त्यांतून ७० गुणांचे निवडून सोडवायचे असतात. ही निवडीची सवलत वाटते तितकी सोपी नाही. काय येते आणि काय येत नाही हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच निवड करता येते. ज्याने घरी कधी स्वतःला तपासलेच नाही तो तीन तासांतील मोलाची मिनिटे प्रश्न खालीवर वाचण्यात घालवतो, एक प्रश्न अर्धा सोडून दुसऱ्याकडे वळतो आणि शेवटी दोन अर्धी उत्तरे लिहून येतो.

सध्याचे पाठ्यपुस्तक बालभारतीने २०२०मध्ये काढले. त्यात १६ प्रकरणे आहेत. स्थायू अवस्थेपासून हरित रसायन आणि अब्जांश रसायनापर्यंत. पुस्तक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे, म्हणजे ज्या घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाही तेथेही ते भ्रमणध्वनीवर पोहोचू शकते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय आहे आणि मध्ये मध्ये सोडवलेली उदाहरणे आहेत. ही पाने सर्वांत कमी उघडली जातात, ही वस्तुस्थिती कोणताही प्रामाणिक शिक्षक मान्य करील. विद्यार्थी धडा वाचतो, क्लासच्या नोट्स वाचतो, गाईड वाचतो आणि स्वाध्यायापाशी आल्यावर उत्तरे पाहतो. सोडवलेले उदाहरण हाताने झाकून, उत्तरापर्यंत स्वतः जाऊन मग हात काढणे, एवढी साधी कृती शंभरातले किती करत असतील?

वास्तविक याच पानांत विषयाचा प्राण आहे आणि तो ग्रामीण विद्यार्थ्याला शहरी विद्यार्थ्यापेक्षा अधिक जवळचा आहे. 'द्रावणे' या प्रकरणातील गणितांत युरिया वारंवार भेटतो. मुंबईच्या मुलाला युरिया हा एक शब्द आहे. जानेफळच्या मुलाच्या घरी त्याची गोणी असते. गोणीवर नत्र ४६ टक्के असे छापलेले असते. हा आकडा कोठून आला? कार्बनचे १२, ऑक्सिजनचे १६, नायट्रोजनच्या दोन अणूंचे २८ आणि हायड्रोजनच्या चार अणूंचे ४, असे युरियाचे रेणुवस्तुमान ६०. त्यांत नायट्रोजन २८. साठांत अठ्ठावीस म्हणजे ४६.६७ टक्के. गोणीवरचा आकडा आणि वहीतला आकडा जवळजवळ जुळला, की त्या मुलाला मोल ही कल्पना पुन्हा शिकवावी लागत नाही.

पुढे जाता येते. पिकावर दोन टक्के युरियाची फवारणी करतात, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. वीस ग्रॅम म्हणजे एक तृतीयांश मोल. मग या द्रावणाची मोलरता ०.३३. त्याचा ३०० केल्व्हिन तापमानाला परासरण दाब काढायचा तर सूत्रात किंमती घालाव्यात : सुमारे ८.२ वातावरण दाब येतो. द्रावण प्रमाणाबाहेर तीव्र झाले तर पाने का करपतात, या वडिलांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा एक धागा याच परासरणात आहे. युरिया पाण्यात विरघळवताना बादली हाताला गार लागते, ही तर चौथ्या प्रकरणातील उष्माग्राही प्रक्रिया. बाप अनुभवाने जाणतो, मुलगा पुस्तकाने जाणतो आणि दोघांची गाठ पडत नाही, ही आपल्या शिक्षणाची खरी शोकांतिका आहे.

दुसरे उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यात लोणार आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले ते सरोवर पाहायला देशोदेशीचे अभ्यासक येतात. त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास आहे. का? तिसऱ्या प्रकरणात, आयनिक समतोलात, याचे उत्तर आहे. पाण्यात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट आहे. सोडियम कार्बोनेट हा तीव्र अल्क आणि सौम्य अम्ल यांचा क्षार. त्याचा कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो, म्हणून द्रावण अल्कधर्मी. विद्यार्थी हे 'क्षारांचे जलापघटन' या मथळ्याखाली पाठ करतो, सरोवरावर सहलीला जातो, दैत्यसूदनाचे मंदिर पाहतो, छायाचित्रे काढतो आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे असे त्याला कोणी सांगत नाही. लोणारच्या क्षारांचा काच आणि साबण यांच्यासाठी होणारा उपयोग अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'तही नोंदलेला आहे. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. तर्ककुतर्कांच्या त्या दिवसांत जिल्ह्यातील किती विज्ञान शिक्षकांनी वर्गात तो विषय काढला असेल? अर्थात शाळा तेव्हा टाळेबंदीमुळे बंद होत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

जुन्या प्रश्नपत्रिका : साधन आणि सट्टा

स्वाध्यायानंतर जुन्या प्रश्नपत्रिका, हा क्रम अनुभवी शिक्षक सांगतात आणि तो बरोबर आहे. स्वाध्यायातील प्रश्न प्रकरणाच्या मागे येतो. त्यामुळे तो कोणत्या प्रकरणाचा हे आधीच कळलेले असते. प्रश्नपत्रिकेत तो आधार काढून घेतलेला असतो. एका ओळीत नर्न्स्टचे समीकरण, पुढच्या ओळीत कॅनिझारो अभिक्रिया, त्यापुढे झेनॉनची संयुगे. मन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत झटकन जायला शिकते, ते अशाच सरावाने. शिवाय तीन तास मान खाली घालून लिहिणे हे शरीराचेही काम आहे. ते सरावाशिवाय येत नाही.

परंतु कोणत्या जुन्या प्रश्नपत्रिका? येथे बहुसंख्य घरांत अज्ञान आहे. २०२१ची बारावीची परीक्षा महामारीमुळे झालीच नाही. दहावी, अकरावी आणि बारावीच्या कामगिरीला अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के भार देऊन निकाल लावण्यात आला. २०२२ची परीक्षा कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. म्हणजे नव्या पाठ्यपुस्तकाच्या पूर्ण अभ्यासक्रमावरील नियमित प्रश्नपत्रिका २०२३पासूनच मिळतात, त्या मुख्य परीक्षेच्या आणि पुरवणी परीक्षेच्या. त्याआधीच्या प्रश्नपत्रिका जुन्या पुस्तकावरच्या. त्यांत धातुविज्ञानाचे, दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्राचे प्रश्न आहेत, जी प्रकरणे आज बारावीच्या पुस्तकात नाहीत. मोठ्या भावाने ठेवून दिलेला २०१७चा संच धाकटी बहीण इमानेइतबारे सोडवत बसते आणि तिचे आठ दिवस पुस्तकातच नसलेल्या प्रश्नांत जातात. या जुन्या संचांतील विद्युत्‌रसायन, रासायनिक गतिकी, अल्कोहोल, अमाइन यांवरचे प्रश्न आजही उपयोगी आहेत. पण ते निवडून कोणी द्यायचे? शिक्षकाने एका दुपारी बसून ही निवड केली तर गावातील पन्नास मुलांचे श्रम वाचतील.

दुसरा रोग अधिक खोल आहे. जुनी प्रश्नपत्रिका हे तपासणीचे साधन आहे, ज्योतिषाचे नव्हे. तरी तिचा उपयोग सट्ट्याच्या आकड्यासारखा होतो. 'हा प्रश्न गेल्या वर्षी आला, यंदा येणार नाही', 'हे प्रकरण दोन वर्षे चार गुणांना आले, यंदा नक्की', अशी गणिते मांडली जातात, अपेक्षित प्रश्नसंच त्यावरच विकले जातात आणि जानेवारीच्या अखेरीस अर्धे पुस्तक 'सोडून' दिले जाते. सेंद्रिय रसायनशास्त्रात तर हे आत्मघातकी आहे. हॅलोजन अनुजात सोडले की अल्कोहोल कळत नाही, अल्कोहोल सोडले की अल्डिहाइड कळत नाही, आणि चार गुणांच्या रूपांतराच्या प्रश्नात तिन्ही लागतात. ही साखळी आहे. तिची एक कडी काढून टाकणारा बाकीच्या कड्या हातात घेऊन करणार काय?

योग्य पद्धत कष्टाची आहे, पण गुंतागुंतीची नाही. पुस्तक मिटावे. घड्याळ लावावे. तीन तास उठू नये. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून लाल शाईने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासावी आणि ती निर्दयपणे तपासावी : एकक लिहिले नाही तर गुण कापावा, समीकरण संतुलित नाही तर गुण कापावा, अभिकारकाचे नाव बाणावर नाही तर गुण कापावा. मग चुकांची वेगळी वही करावी. चूक कोणत्या जातीची होती, हे तिच्यात लिहावे. कल्पनाच कळली नव्हती, की सूत्र आठवले नाही, की आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही? चार दिवसांनी तेवढेच प्रश्न पुन्हा, पुस्तक मिटून. पहिली प्रश्नपत्रिका सोडवल्यावर ७०पैकी २५ गुण पडतात आणि मुलाचा धीर सुटतो. याच क्षणी घरातल्या माणसांची गरज असते. जानेवारीतले हे २५ गुण फेब्रुवारीतल्या ५५ गुणांचे बियाणे आहेत, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत बहुधा उलट घडते. बाप म्हणतो, 'एवढे क्लासचे पैसे भरून पंचवीस?' आणि मुलगा पुन्हा पिवळ्या रेघांच्या सुरक्षित जगात परततो, जेथे कोणी गुण देत नाही.

आडवाट

पेपर कठीण वाटू लागला की आडवाटा सुचतात, आणि त्या सुचवणारे मुलांपेक्षा मोठे असतात. मार्च २०२२मध्ये मुंबईत रसायनशास्त्राच्याच प्रश्नपत्रिकेचा भाग परीक्षेपूर्वी भ्रमणध्वनीवर फिरला आणि खासगी शिकवणी घेणाऱ्या एका शिक्षकाला अटक झाली. पुढच्याच वर्षी, ३ मार्च २०२३ रोजी, गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षेआधी समाजमाध्यमांवर आली, ती बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातून. विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, विशेष तपास पथक नेमले गेले, आणि ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले त्यांत शिक्षक होते. ज्या मातीत जिजाऊ जन्मल्या, त्या तालुक्याचे नाव महाराष्ट्राने त्या दिवशी या कारणासाठी वाचले. जिजाऊंच्या जयंतीला भगवे ध्वज लावणाऱ्या प्रत्येकाला ते लागले पाहिजे.

पूर्वी परीक्षेच्या वेळेआधी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका हाती मिळत असे. अशा प्रकारांमुळे २०२३पासून मंडळाने ती सोय काढून घेतली आणि शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. चार अप्रामाणिक माणसांमुळे लाखो प्रामाणिक मुलांना प्रश्नपत्रिका शांतपणे वाचण्याची सवड गमवावी लागली. मात्र केवळ बंदोबस्ताने ही कीड जाणार नाही. फुटलेला पेपर विकत घेणारा मुलगा आणि 'यंदा हे नक्की' म्हणून अर्धे पुस्तक सोडणारा मुलगा एकाच आजाराचे रुग्ण आहेत, केवळ आजाराची पायरी वेगळी. प्रश्न काय येणार, या चिंतेने दोघांनाही ग्रासले आहे. आपल्याला काय येते, ही चिंता दोघांनाही नाही.

भाषेची भिंत

जानेफळच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडथळा आहे, ज्याची चर्चा शहरात होत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अम्ल, अल्क, संयुजा, उत्प्रेरक, क्षपण असे शब्द शिकतो. अकरावीत विज्ञान शाखेत पाऊल ठेवताच पुस्तक इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी. दोन महिन्यांत त्याने जुने शब्द टाकून नवे घ्यायचे, अशी अपेक्षा. तो पारिभाषिक शब्द पाठ करून टाकतोही, कारण ते मोजके असतात. तो अडतो ते प्रश्नातील क्रियापदापाशी. डिस्टिंग्विश, जस्टिफाय, डिराइव्ह, अकाउंट फॉर. फरक लिहायचा, समर्थन करायचे, सूत्र सिद्ध करायचे की कारण द्यायचे, हेच त्याला नीट उमगत नाही, आणि येणाऱ्या उत्तराचे गुण जातात. जुन्या प्रश्नपत्रिकांचा या मुलाला होणारा मोठा लाभ येथे आहे. मंडळाची प्रश्न विचारण्याची भाषा ठरावीक असते. चार-पाच प्रश्नपत्रिका मन लावून वाचल्या की ती सारी क्रियापदे भेटून जातात. त्यांची यादी मराठी अर्थासह वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली तर भिंतीत दार पडते.

मराठीला हा विषय पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीतून रसायनशास्त्राचे ग्रंथ लिहिले. शासनाच्या भाषा संचालनालयाने रसायनशास्त्राचा परिभाषा कोश केला. १९६६पासून मराठी विज्ञान परिषद हेच काम करते आहे. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा आज मराठीतूनही देता येते. पण ती मराठीतून द्यायची तर दोन वर्षांचा अभ्यास कोणत्या पुस्तकातून करायचा, याचे उत्तर मिळत नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीचा वारसा सांगणे सोपे आहे. बारावीच्या सोळा प्रकरणांची सुबोध मराठी टिपणे काढणे कठीण आहे, आणि त्या वारशाचे तेच खरे काम आहे.

असेच नागार्जुनाचे. प्राचीन भारतात रसायनविद्या किती प्रगत होती, हे व्याख्यानांतून ऐकायला सर्वांना आवडते, आणि ते खोटेही नाही. परंतु ते जगापुढे पुराव्यानिशी मांडले कोणी? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी. त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२मध्ये आणि दुसरा १९०९मध्ये प्रसिद्ध झाला. हे राय कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्रयोगशाळेत राबणारे रसायनशास्त्रज्ञ होते. १८९६मध्ये त्यांनी मर्क्युरस नायट्राइट हे संयुग सिद्ध केले, आणि बेंगॉल केमिकल हा स्वदेशी उद्योगही उभा केला. पूर्वजांचा अभिमान बाळगण्याचा अधिकार त्यांनी परीक्षानळी हातात धरून मिळवला होता.

क्लास, लातूर आणि गाव

ज्यांना शक्य आहे ती मुले दहावीनंतर गाव सोडतात. लातूर, अकोला, नागपूर, काही थेट कोट्याला. सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, त्यांतले १० अकरावीवरचे. नीटमध्ये ४५ प्रश्न, १८० गुण आणि चुकीला एक गुण वजा. बारावीला पात्रतेपुरते गुण मिळाले की झाले, अशी समजूत त्यातून पक्की झाली आणि लिहिण्याची सवय मेली. तथापि लातूरचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. तथाकथित 'लातूर पॅटर्न' मूळ रूपात होता तो वारंवार घेतलेल्या सराव परीक्षा, तत्काळ तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि वर्गात उपस्थित असलेले शिक्षक. त्यात गुप्त असे काही नव्हते. पुढे त्याभोवती वसतिगृहांचा आणि शुल्काचा बाजार उभा राहिला, आणि लोकांना वाटू लागले की यश त्या बाजारात मिळते. केंद्र शासनाने जानेवारी २०२४मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढून १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देण्यास मनाई केली. ती कोठे किती पाळली जाते, हे प्रत्येक पालक जाणतो.

गाव सोडू न शकणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच. बहुधा त्यांत मुली अधिक असतात. भाऊ लातूरला जातो, बहीण घरून कनिष्ठ महाविद्यालयात जाते. तिच्यासाठी लातूर गावात आणता येते, आणि त्याला इमारत लागत नाही. एखाद्या मंदिराचा सभामंडप किंवा शाळेची एक खोली, जानेवारीपासून दर रविवारी सकाळी तीन तास. २०२३पासूनच्या मुख्य व पुरवणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती, भिंतीवर घड्याळ, आणि भ्रमणध्वनी ठेवायला दाराशी एक टोपली. तपासायला गावातून शिकून गेलेले, बी. एस्सी. करणारे दोन-तीन तरुण आणि एखादे निवृत्त शिक्षक. ज्या कार्यकर्त्यांना सेवाकार्य म्हटले की रक्तदान शिबिर आणि वह्यावाटप एवढेच सुचते, त्यांनी या खोलीचा विचार करावा. वह्या वाटणे चांगलेच. त्या वह्यांत लिहिलेले कोणीतरी तपासले तर अधिक चांगले.

मे महिन्यात निकाल लागेल. तेव्हा सत्कार होतील, ते पहिल्या तिघांचे. त्याच गावात रसायनशास्त्रात राहिलेली चार-सहा मुले असतील, जी त्या आठवड्यात घराबाहेर पडणार नाहीत. त्यांच्यासाठी पुरवणी परीक्षा असते आणि तिच्यापर्यंत जेमतेम काही आठवडे. पेरणीची धावपळ नेमकी त्याच दिवसांत असते, घरात मुलाच्या हातांची गरज असते, आणि 'आता शिकून काय करतोस' हे वाक्य त्याच दिवसांत उच्चारले जाते. रविवारची ती खोली मार्चमध्ये बंद न करता या मुलांसाठी जुलैपर्यंत उघडी ठेवावी. फेब्रुवारीत दिलेल्या पेपरची प्रत त्यांच्याजवळ असतेच; पहिल्या दिवशी तोच पेपर, पुस्तक मिटून, पुन्हा सोडवायला द्यावा.